चितू पेंढारी आणि त्याचे आश्रयदाते

यवतमाळहून नागपूरकडे जाणाऱ्या वाटेवर, चक्रावती नदीच्या काठीं, कळंब हें गांव आहे. पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटांत गेल्यावर जेथें दर्शन घडतें, त्या चिंतामणीमुळें या गांवाचें नांव सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु अकबराच्या काळीं कळंबची ओळख निराळी होती. 'आईन-ए-अकबरी' या ग्रंथांत वऱ्हाड सुभ्याचीं जीं सरकारें नोंदलीं आहेत, त्यांत कळंब हें एक आहे. सरकार म्हणजे आजच्या भाषेंत जिल्हा. एवढ्या मानाच्या या मुलखाला अठराव्या शतकांत मात्र एक धनी उरला नाहीं. वऱ्हाडांत निजामाचा अंमल होता आणि नागपूरकर भोसल्यांचाही होता. एकाच गांवचा वसूल दोघे वांटून घेत. लोक त्याला दुअंमल म्हणत. पुढें १७ डिसेंबर १८०३ रोजीं देवगांवचा तह झाला आणि वर्धा नदी ही दोन राज्यांची सरहद्द ठरली. पलीकडे भोसले, अलीकडे निजाम. अलीकडच्या बाजूस असलेला कळंबचा टापू अशा रीतीनें सरहद्दीजवळचा मुलूख बनला. ज्या मुलखावर दोघांचा डोळा असतो, त्याच्या रक्षणाची जबाबदारी बहुधा एकालाही वाटत नाहीं.

वर्धेच्या दोन्ही तीरांवरील जुन्या गांवांतून अजून मातीच्या गढ्या दिसतात. पाटील-देशमुखांचीं तीं वैभवाचीं चिन्हें, असें पाहणाराला सहज वाटतें. नागपूर प्रांताच्या इतिहासांत मात्र त्यांची निराळी हकीकत नमूद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं पेंढाऱ्यांच्या धाडी वाढल्या, तेव्हां यांपैकीं पुष्कळ गढ्या उभ्या राहिल्या. धूळ उडतांना दिसली कीं गांव गढींत शिरे. उभें पीक, गोठा, घर हें सारें बाहेर टाकून केवळ जीव वांचविण्यासाठीं ही धांव असे. १८११ सालीं तर पेंढारी थेट नागपूरपर्यंत आले आणि राजधानीचें एक उपनगर जाळून निघून गेले. राजाच्या दाराशीं ही अवस्था. मग सरहद्दीवरील खेड्यांची काय असेल, याची कल्पना करावी.

या पेंढाऱ्यांच्या नायकांत सर्वांत प्रबळ झालेला पुरुष म्हणजे चितू. त्याचें चरित्र शौर्याची कथा म्हणून सांगण्यासारखें नाहीं, आणि नुसती क्रौर्याची कथा म्हणून सांगितल्यास तें अर्धेंच राहतें. लुटारूंचा नायक नबाब कसा होतो आणि नबाब झालेला लुटारू एका दिवसांत निराधार कसा होतो, हें त्या चरित्रांत स्पष्ट दिसतें. आणि खरी शिकवण तेथेंच आहे.

पेंढारी ही कोणती जात नव्हती. मुसलमान, जाट, मराठे, असे अनेक जातिधर्मांचे लोक त्यांत होते. मराठ्यांच्या फौजांबरोबर हे स्वार चालत. परंतु त्यांचा तळ निराळा पडे. त्यांचें मुख्य वेतन म्हणजे लूट. शत्रूचा मुलूख ओसाड करावा, त्याची रसद तोडावी, चारा जाळावा, हें त्यांचें काम. त्यांच्या लुटीवर सरकार आपला हिस्सा घेई. शिंद्यांच्या आश्रयाचे ते शिंदेशाही आणि होळकरांच्या आश्रयाचे ते होळकरशाही, अशी त्यांची नांवें पडलीं होतीं. या व्यवस्थेंत पुढल्या अनर्थाचें बीज होतें. पगार न देतां सैन्य मिळतें, ही गोष्ट कोणत्याही रिकाम्या खजिन्याला मोह पाडणारी खरी. परंतु जो मनुष्य पगार घेत नाहीं, तो हुकूमही फार काळ घेत नाहीं. युद्ध चालू असे तोंवर त्याची लूट शत्रूच्या मुलखांत होई. युद्ध थांबलें कीं त्याचा घोडा कोणीकडे वळावा?

१८०३ ते १८०५ च्या युद्धानंतर हाच प्रश्न उभा राहिला. इंग्रजांशीं तह केलेल्या राज्यांनीं आपल्या फौजा कमी केल्या. तैनाती फौजेचा खर्च वाढला आणि घरच्या शिलेदाराला निरोप मिळाला. ज्यांना घोडा आणि भाला यांवांचून दुसरी विद्या ठाऊक नव्हती, असे हजारों स्वार मध्यहिंदुस्थानांत रिकामे झाले. त्यांना घेण्यास पेंढाऱ्यांचे दुर्रे, म्हणजे टोळ्या, तयारच होत्या. पेंढाऱ्यांची एकंदर संख्या वीस ते तीस हजार स्वार असावी, असा त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांचा अंदाज होता.

चितू हा जन्मानें जाट. दिल्लीजवळच्या मेवात भागांतला. दुष्काळांत लहानपणीं तो विकला गेला आणि एका पेंढाऱ्यानें त्याला विकत घेऊन मुलासारखें वाढविलें, असें सर जॉन माल्कमनें लिहून ठेवलें आहे. भुकेमुळें विकलेलें मूल लुटारूंच्या तळावर वाढलें, घोड्यावर बसलें, धाडींत नांव कमावलें आणि पुढें स्वतःच्या दुर्ऱ्याचा नायक झालें. त्याचें ठाणें नर्मदेच्या उत्तर तीरावर, नेमावर आणि सातवास या बाजूस होतें. ही जागा मोठ्या हिशेबानें निवडलेली होती. मागें विंध्याचे डोंगर आणि दाट रान, पुढें नदी; आणि भोंवतीं शिंदे, होळकर, भोपाळ, नागपूर अशा अनेक सत्तांच्या सीमा. एकानें पाठलाग केला तर दुसऱ्याच्या हद्दींत शिरावें. हद्द ओलांडण्याचा अधिकार पाठलाग करणाऱ्या फौजेला नसे. पेंढाऱ्याला मात्र तो विचारावा लागत नसे.

दौलतराव शिंद्यांनीं त्याला नबाब हा किताब दिला, जहागीर दिली. दुष्काळांत विकलेला पोर आतां मुद्रा वापरूं लागला. दहा हजारांच्या आसपास स्वार त्याच्या हांकेला येत, असें मानलें जाई. परंतु हा मान म्हणजे प्रेम नव्हतें. शिंद्यांना त्याचें भय होतें आणि उपयोगही होता. किताब ही या दोहोंची किंमत होती. करीमखान या दुसऱ्या नायकाची गोष्ट या बाबतींत बोलकी आहे. करीमखानानें दौलतरावांच्या स्वागतासाठीं सव्वा लाख रुपयांची मसनद रचून ती नजर केली, असें सांगतात. दौलतराव प्रसन्न दिसले. खानानें आणखी परगणे मागितले आणि तेही मिळणार असें त्याला भासविण्यांत आलें. निरोप घेण्यासाठीं तो शिंद्यांच्या डेऱ्यांत गेला आणि तेथेंच पकडला गेला. कांहीं वर्षें ग्वाल्हेरच्या कैदेंत काढल्यावर मोठी रक्कम भरून त्याची सुटका झाली. सुटल्यावर तो पुन्हां लुटूं लागला, आणि मग त्याच्या पारिपत्याच्या कामीं चितूची मदत झाली. लुटारूनें धन्याला नजराणा द्यावा, धन्यानें लुटारूला लुटावें, आणि एका लुटारूला दुसऱ्याकडून मोडावें, असा हा व्यवहार होता. त्यांत फसवणूक कोणाची झाली हें सांगणें कठीण; नागवला कोण, हें सांगणें मात्र सोपें आहे. खंडणीचा प्रत्येक रुपया शेवटीं कोणत्या ना कोणत्या खेड्यांतूनच आलेला होता.

या धंद्याला स्वतःची शिस्त होती. पावसाळाभर मंडळी नर्मदेकांठीं स्वस्थ असे. दसरा आला, नद्यांना उतार पडला, कीं घोड्यांना नाल ठोकून मोहीम निघे. बरोबर तंबू नाहींत, बाजारबुणगे नाहींत. प्रत्येक स्वारापाशीं स्वतःपुरत्या भाकरी आणि घोड्यापुरता दाणा. हजारांत सुमारें चारशें लोक चांगल्या घोड्यांवर, लांब भाले घेतलेले. पंधरा-वीस जणांत एखादी बंदूक. बाकीचे तट्टांवर बसलेले नोकर-चाकर आणि लुटीच्या आशेनें मिसळलेले लोक. दिवसाला चाळीस-पन्नास मैल मजल मारणारी ही टोळी पायदळाच्या हातीं लागणें शक्यच नव्हतें. लढाई देणें हा तिचा हेतूच नव्हता. यावें, घ्यावें, जावें. परत आल्यावर लुटीचा माल विकावयाचा, आणि त्यासाठीं उज्जयिनीसारख्या शहरांतून व्यापारी नेमावरास येत. ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं. विकत घेणारा गिऱ्हाईक नसता, तर गुंटूरच्या घरांतील भांडें नर्मदेकांठीं आणण्यांत कोणाला लाभ होता?

गुंटूरचें नांव येथें सहज आलेलें नाहीं. १८१६ च्या फेब्रुवारींत एक मोठी टोळी नर्मदा उतरली आणि निजामाचा मुलूख तुडवीत मार्च महिन्यांत पूर्वकिनाऱ्यावरील कंपनीच्या प्रांतांत शिरली. ती तेथें साडेअकरा दिवस होती. नंतर सरकारी चौकशी झाली, तिच्यांत या दिवसांचा हिशेब निघाला: ३३९ गांवें लुटलीं गेलीं, १८२ माणसें ठार झालीं, ५०५ जखमी झालीं, आणि ३,६०३ जणांचा छळ झाला. छळाचे प्रकार ठरलेले होते. गरम राखेची पिशवी तोंडाला बांधून पाठीवर मारीत, म्हणजे श्वासाबरोबर राख छातींत जाई. अथवा छातीवर फळी ठेवून तिच्यावर माणसें उभीं राहत. पुरलेला पैसा कोठें आहे, एवढेंच विचारावयाचें असे. ज्याच्यापाशीं कांहींच नव्हतें, त्याला सांगण्यासारखेंही कांहीं नव्हतें, आणि म्हणून त्याचा छळ अधिक लांबे. अब्रू वांचविण्यासाठीं स्त्रियांनीं विहिरी जवळ केल्या, असेंही त्या वेळचे वृत्तान्त सांगतात.

वऱ्हाड-नागपूरच्या प्रजेनें हें दुःख कितीतरी वर्षें सोसलें होतें. परंतु त्याची अशी मोजदाद कोणीं केली नाहीं. कंपनीच्या हद्दींतील खेडीं जळलीं, तेव्हां पेंढाऱ्यांचा प्रश्न साम्राज्याचा प्रश्न झाला. गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यानें १८१७ सालीं एक लाखाहून अधिक फौज दोन बाजूंनीं हलविली. उत्तरेकडून तो स्वतः आला, दक्षिणेकडून सर टॉमस हिस्लॉप. वीस-तीस हजार लुटारूंसाठीं एवढें सैन्य कशाला, ही शंका तेव्हांही अनेकांच्या मनांत आली असेल, आणि ती खोटी नव्हती. पेंढारी हें निमित्त खरें होतें; तथापि त्या निमित्ताच्या आड मराठ्यांची उरलेली सत्ता मोडण्याचा बेतही तितकाच खरा होता. पेंढाऱ्यांची जी माहिती मिळते ती बहुतेक इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखणींतून आलेली आहे, हेंही वाचकानें ध्यानांत ठेवावें. परंतु लिहिणाऱ्याचा स्वार्थ होता म्हणून गुंटूरच्या माणसांचें दुःख खोटें ठरत नाहीं.

हेस्टिंग्जनें पहिला घाव पेंढाऱ्यांवर घातलाच नाहीं. तो त्यांच्या आश्रयावर घातला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं दौलतराव शिंद्यांनीं ग्वाल्हेरचा तह करून पेंढाऱ्यांविरुद्ध साह्य देण्याचें कबूल केलें. त्याच महिन्यांत अमीरखान पठाण करार करून बाजूला झाला. ६ जानेवारी १८१८ रोजीं मंदसोरचा तह होऊन होळकरांचाही दरवाजा बंद झाला. दहा-बारा वर्षें ज्या टोळ्यांचें कोणालाच कांहीं करतां आलें नव्हतें, त्या दोन-चार महिन्यांत विरून गेल्या. त्यांचे घोडे तेच होते, भाले तेच होते, डोंगरही तेच होते. फक्त परत जाण्यास आतां घर नव्हतें. पेंढाऱ्याचें बळ त्याच्या भाल्यांत कधींच नव्हतें. तें दुसऱ्या कोणाच्या तरी दुर्लक्षांत होतें.

नामदारखान फेब्रुवारी १८१८ मध्यें शरण आला. आपल्याला विलायतेस किंवा कलकत्त्यास पाठवूं नये, एवढीच त्याची अट होती. त्याच महिन्यांत करीमखान माल्कमच्या स्वाधीन झाला. त्याला गोरखपूरकडे जमीन देऊन वसविण्यांत आलें. वासिल महंमद हा शिंद्यांच्या आश्रयास गेला. तेथून तो इंग्रजांच्या हातीं आला, गाझीपूरला नजरकैदेंत राहिला आणि अखेर विष घेऊन मेला. चितूनेंही एकदां तडजोडीचा प्रयत्न केला. तो अचानक भोपाळच्या नबाबाच्या छावणींत येऊन उभा राहिला. आपल्याला आणि आपल्या माणसांना याच मुलखांत चाकरी आणि जहागीर मिळावी, अशी त्याची मागणी होती. इंग्रज त्याला जीवदान आणि दूर हिंदुस्थानांत पोटापुरती सोय यांपलीकडे कांहीं देण्यास तयार नव्हते. चितूला तें पटेना. आपल्याला समुद्रापार पाठवितील, या भीतीनें त्याला घेरलें होतें. तो झोंपेंतही 'काळें पाणी, काळें पाणी' असें पुटपुटत असे, असें त्याच्या एका साथीदारानें पुढें सांगितलें. हजारों माणसांची झोंप ज्यानें उडविली, त्याची ही झोंप!

याच वेळीं यवतमाळच्या भूमीवर मराठेशाहीच्या अखेरच्या अंकांतला एक प्रवेश घडत होता. पुण्याहून निघालेले बाजीराव पेशवे नागपूरकर अप्पासाहेब भोसल्यांना मिळावे या हेतूनें पूर्वेकडे आले होते. १७ एप्रिल १८१८ रोजीं पांढरकवड्याच्या परिसरांत शिवणी येथें कर्नल ॲडम्सनें त्यांना गांठलें आणि त्यांची फौज उधळली. बाजीराव माघारी फिरले आणि जूनच्या आरंभीं माल्कमला शरण गेले. अप्पासाहेब त्यापूर्वींच इंग्रजांच्या कैदेंत पडले होते. मे महिन्यांत वाटेंतून निसटून त्यांनीं महादेवाच्या डोंगरांचा आश्रय घेतला. तेथें चितू त्यांना येऊन मिळाला. काय विलक्षण जोडी ही! राज्य गमावलेला राजा आणि आश्रयदाता गमावलेला लुटारू. ज्या नागपूरचें उपनगर पेंढाऱ्यांनीं जाळलें होतें, त्याच नागपूरच्या राजाला आतां एका पेंढाऱ्याच्या सोबतीचा आधार वाटत होता.

फेब्रुवारी १८१९ मध्यें दोघे अशीरगडाच्या दिशेनें निघाले. वाटेंत इंग्रजी तुकड्यांनीं त्यांना गांठलें आणि चितूचे उरलेसुरले स्वार पांगले. अप्पासाहेबांना किल्ल्यांत जागा मिळाली. चितूला ती मिळाली नाहीं. पाठलाग सुरू होता. सोबतीस कोणी उरलें नव्हतें. तो एकटा रानांत शिरला. कांहीं दिवसांनीं खोगीर घातलेला एक घोडा चरतांना सांपडला. खोगिराच्या पिशवींत सुमारें अडीचशें रुपये, कांहीं मुद्रेच्या अंगठ्या आणि अप्पासाहेबांचीं पत्रें होतीं. पुढें मोठें इनाम देऊं, असें त्यांत वचन होतें. आसपास शोध केल्यावर फाटके कपडे, हाडें आणि अखेर शिर मिळालें. चितूला वाघानें खाल्लें होतें. तें शिर ओळख पटल्यावर दफनासाठीं त्याच्या मुलाच्या हवालीं करण्यांत आलें. ही हकीकत माल्कमनेंच नोंदविली आहे.

लोककथेला हा शेवट फार आवडला. पापाचा घडा भरला आणि वाघाच्या रूपानें काळ आला, असा त्याचा अर्थ लावणें स्वाभाविक आहे. परंतु इतिहासाला त्या न्यायावर समाधान मानतां येत नाहीं. वाघानें एका चितूला गांठलें. अमीरखानाला गांठलें नाहीं. ज्याच्या फौजेनें राजपुतान्यांत अनन्वित लूट केली, तो अमीरखान योग्य वेळीं करार करून टोंकचा नबाब झाला, आणि त्याच्या वंशाचें संस्थान १९४८ पर्यंत टिकलें. दोघांत नीतीचा फरक नव्हता. एकाला सौदा साधला, दुसऱ्याला साधला नाहीं.

हा प्रकार केवळ या देशाचा नव्हे. चितू नर्मदेकांठीं नबाबी भोगीत होता, त्याच सुमारास, १८१२ सालीं, इटलीच्या दक्षिणेकडील सिसिली बेटांत जुनी सरंजामशाही कायद्यानें संपली. जमीनदार शहरांत राहत. मळे मक्त्यानें दिलेले असत. आणि त्या मळ्यांच्या रक्षणासाठीं ठेवलेले हत्यारबंद लोक हळूहळू रक्षणाचाच व्यापार करूं लागले. पैसे द्या, नाहीं तर नुकसान सोसा. त्यांतूनच 'माफिया' या नांवानें जगास माहीत झालेली संघटना वाढली. १९४३ सालीं दोस्त राष्ट्रांचें सैन्य सिसिलींत उतरलें, तेव्हां व्हिल्लाल्बा गांवचा माफिया नायक कालोजेरो व्हित्सिनी याला त्याच गांवचा नगराध्यक्ष नेमण्यांत आलें. आश्रयाचें हें नवें रूप होतें. किताबाऐवजीं पद, एवढाच फरक. पुढें त्याच संघटनेचा प्रमुख बेर्नार्दो प्रोव्हेंत्सानो त्रेचाळीस वर्षें पोलिसांना चुकवीत राहिला आणि ११ एप्रिल २००६ रोजीं आपल्याच कोर्लेओने गांवाजवळच्या शेतघरांत सांपडला. तेथून तो कागदाच्या लहान चिठ्ठ्यांनीं हुकूम धाडीत असे. त्रेचाळीस वर्षें कोणी एकट्याच्या चातुर्यावर लपत नाहीं. त्याच्याकडे न पाहणारे डोळे भोंवतीं पुष्कळ असावे लागतात.

चितूच्या चरित्राचा विचार करतांना म्हणून एकाच प्रश्नावर थांबावें लागतें. चितू कोण होता, यापेक्षां त्याला नबाब कोणीं केलें, त्याचा माल कोणीं घेतला, आणि त्याच्या वाटेवरच्या चौक्या कोणीं सोडून दिल्या? पगाराचा खर्च वांचवूं पाहणाऱ्या दरबारानें, स्वस्त माल शोधणाऱ्या पेढीनें, आणि आपल्या हद्दींत जाळपोळ झाली नाहीं म्हणून स्वस्थ बसलेल्या शेजाऱ्यानें मिळून तो घडविला. त्यांतील एकालाही रानांत एकट्यानें शिरावें लागलें नाहीं.

चितूच्या खोगिरांतील रुपयांचा आंकडा इतिहासानें जपून ठेवला आहे. त्याच्या अंगठ्यांचीही नोंद आहे. गुंटूरच्या छळलेल्या ३,६०३ माणसांची निदान संख्या तरी उरली. वर्धेच्या दोन्ही कांठांवर जे लुटले गेले, त्यांची संख्याही उरली नाहीं. त्यांनीं स्वतःच्या हातांनीं माती तुडवून ज्या भिंती उभारल्या, तेवढ्याच उरल्या. आणि त्याही दर पावसाळ्यांत थोड्याथोड्या खचत आहेत.